श्रीलंकेचं सैन्य निम्मं होतंय, मग उरलेल्या निम्म्याच्या हातात काय द्यायचं?

सागरवेळ

जानेवारी २०२३ मध्ये श्रीलंका सरकारनं जाहीर केलं की भूदलाचं २,००,७८३ हे संख्याबळ २०२४ पर्यंत १,३५,००० वर आणि २०३० पर्यंत १,००,००० वर आणायचं. एप्रिल २०२२ मध्ये देशानं परकीय कर्जाची फेड थांबवली होती, पेट्रोलच्या रांगा लोक विसरले नव्हते आणि नाणेनिधीच्या मदतीची वाट बघणं चालू होतं. त्यामुळे आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ही बातमी 'खर्चकपात' म्हणून आली आणि दोन दिवसांत विरली. ती एवढ्यावर सोडून देऊ नये असं मला वाटतं.

आधी आकड्याचा अर्थ बघू. श्रीलंकेची लोकसंख्या साधारण सव्वादोन कोटी. म्हणजे दर एकशेदहा माणसांमागे भूदलाचा एक सैनिक. आपण हेच प्रमाण धरलं असतं तर भारताचं भूदल सव्वा कोटीच्या वर गेलं असतं. प्रत्यक्षात ते बारा लाखांच्या आसपास आहे. शिवाय श्रीलंकेला जमिनीवरची सीमा एकाही देशाशी नाही.

हे भूदल एवढं वाढलं ते एका विशिष्ट युद्धासाठी. १० ऑक्टोबर १९४९ ला सिलोनचं भूदल उभं राहिलं तेव्हा ते अगदी छोटं होतं. १९७१ च्या जनता विमुक्ती पेरामुना या डाव्या संघटनेच्या उठावात त्याची तारांबळ उडाली. १९८३ पासून तमिळ वाघांशी, म्हणजे लिट्टेशी, युद्ध सुरू झालं आणि २००६ ते २००९ या शेवटच्या टप्प्यात भरतीला जोर आला. मे २००९ मध्ये युद्ध संपलं, सैन्य मात्र तसंच राहिलं. रस्ते बांधणं, शेती करणं, इमारती उभारणं अशी कामं त्याला मिळत गेली.

आता साहित्य. रणगाडे टी-५५, म्हणजे मूळ आराखडा दुसऱ्या महायुद्धानंतर लगेचचा. पायदळासाठी बीएमपी आणि बीटीआर गाड्या. तोफा चिनी बनावटीच्या १२२, १३० आणि १५२ मि.मी.च्या. अग्निबाण सोडणारे आरएम-७०. जवानाच्या खांद्यावर चिनी टी-५६ रायफल. यातलं बरंचसं एकेका संकटात, घाईघाईनं, मिळेल तिथून घेतलेलं.

माझं मत असं: एक लाखाचं भूदल ठरलंच आहे, तर खरेदीची यादी करताना रणगाडा आणि तोफ सगळ्यात शेवटी लिहावी. पहिलं स्थान बिनतारी संचांना आणि संदेशवहनाला. त्याच्या जोडीला अभियंता दलाचं साहित्य, म्हणजे पूल, होड्या, माती उपसणारी यंत्रं. मग सुरुंगापासून वाचवणाऱ्या गाड्या, टेहळणीची ड्रोन आणि दारूगोळ्याची सुरक्षित कोठारं. ज्या कामासाठी हे सैन्य पुढची वीस वर्षं बाहेर पडणार आहे, त्या कामाची ही यादी आहे.

जाणकारांनी आपली मतं जरूर मांडावीत. विरोधी मतं तर हवीच आहेत.

---

देवळाली_तोफखाना

विषय चांगला निवडलात. तोफ शेवटी लिहायला मात्र माझा ठाम विरोध.

श्रीलंकेच्या युद्धात तोफेनं काय केलं ते बघा. जुलै १९९६ मध्ये मुल्लैतिवूचा तळ पडला. हजाराहून जास्त सैनिक गेले आणि दोन १२२ मि.मी. तोफा वाघांच्या हाती लागल्या. तोवर त्यांच्याकडे अशी तोफ नव्हतीच. त्यानंतर सरकारी ठाण्यांवर गोळे पडायला लागले तेव्हा लढाईचा रंगच पालटला. एप्रिल २००० मध्ये जाफन्याच्या वाटेवरचा एलिफंट पासचा तळ वाघांकडे गेला आणि अख्खा जाफना द्वीपकल्प हातचा जायची वेळ आली. तेव्हा कोलंबोनं काय मागवलं? आरएम-७०. एका गाडीवर चाळीस नळ्या आणि पाठीमागे लगेच भरायला आणखी चाळीस अग्निबाण. वीस किलोमीटरपर्यंतचा मारा. जाफना टिकलं त्यात या गाड्यांचा वाटा होता.

तोफखाना एकदा मोडला की परत उभा करायला पिढी जाते. तोफ विकत मिळते. पण गोळा कुठे पडला ते बघून दुरुस्ती सांगणारा निरीक्षक, गणित करणारा, तोफेच्या धातूची झीज ओळखणारा कारागीर बाजारात मिळत नाहीत. पैसे नाहीत म्हणून नवीन घेऊ नका, हे मान्य. पण असलेल्याची निगा आणि सराव यांना यादीत वरचं स्थान पाहिजे.

---

सागरवेळ

देवळालीकर, निगा आणि सराव यांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. माझा आक्षेप नवीन खरेदीला आहे. मुल्लैतिवू आणि एलिफंट पासची उदाहरणं तुम्ही दिलीत, त्यांतून मला आणखी एक गोष्ट दिसते. तोफा होत्या, पण त्या ज्या तळांवर होत्या ते तळ एकटे पडलेले होते. कुमक पोहोचवायला रस्ता नाही, वेळेवर खबर नाही. नुसती तोफ ठेवून भागलं नाही.

आणि आज समोर कोण आहे? मन्नार आणि धनुष्कोडीच्या मधली सामुद्रधुनी ओलांडून कोणी चाल करून येणार नाही. देशात सशस्त्र बंड नाही. २१ एप्रिल २०१९ च्या ईस्टर स्फोटांत अडीचशेहून अधिक माणसं गेली. तिथे तोफ काय करणार होती? भारतानं आगाऊ दिलेली खबर त्यांच्या यंत्रणेत वरपासून खालपर्यंत पोहोचलीच नाही.

---

जंगी_पलटण

आमच्या घरी हा विषय निघाला की जेवण थंड होतं, त्यामुळे थोडं लांबेल.

ऑक्टोबर १९८७ मध्ये श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेनं तमिळ वाघांकडून जाफना घेण्यासाठी 'ऑपरेशन पवन' सुरू केलं तेव्हा ९१ ब्रिगेडमध्ये ५ मद्रास, ८ महार आणि १ मराठा लाइट इन्फंट्री होत्या. माझे काका यांपैकी एका पलटणीत होते. ८ महारच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना २५ नोव्हेंबर १९८७ च्या चकमकीतल्या पराक्रमासाठी मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं, हे बहुतेकांना माहीत असेल. त्या मोहिमेत आपले साधारण बाराशे जवान कायमचे गेले. महाराष्ट्रातल्या किती गावांत त्यांची नावं आहेत!

साहित्याचा मुद्दा इथेच येतो. आपण जाफन्यात टी-७२ रणगाडे नेले होते. रस्ते इतके सुरुंगांनी भरलेले, की अडकलेल्या जवानांपर्यंत पोहोचायला रणगाडे आगगाडीच्या रुळांवरून न्यावे लागले. डांबराखाली पुरलेले स्फोटक डबे कितीतरी किलोंचे असत आणि लांबून वायर ओढून उडवले जात. काका सांगायचे, गाडीत बसण्यापेक्षा चालणं बरं वाटायचं. नकाशे जुने होते. शेजारच्या तुकडीशी बोलायला संच धड चालत नसे. गल्लीपलीकडे आपलेच लोक आहेत की वाघ, हेच कळत नसे.

श्रीलंकेचं सैन्य पुढे जिंकलं ते हा धडा शिकून. आठ-आठ जणांच्या खास पायदळ तुकड्या तयार केल्या. स्वतःचं खाणं, स्वतःचं औषध, स्वतःचा बिनतारी संच घेऊन जंगलात दिवसेंदिवस राहायचं, वाघांची ठाणी हेरायची आणि मागच्या तोफखान्याला अचूक जागा सांगायची. लांब पल्ल्याची गस्त घालणारी पथकं तर पार आत घुसून नेत्यांच्या गाड्या उडवायची. २००५ च्या डिसेंबरात सरत फोन्सेका भूदलप्रमुख झाले आणि या पद्धतीला त्यांनी जोर दिला.

म्हणजे सागरवेळ, तुमच्या यादीतला बिनतारी संच आणि देवळालीकरांची तोफ एकाच साखळीत आहेत. मधला आठ जणांचा गट सगळ्यात महत्त्वाचा. त्याला रात्री बघायची दुर्बीण द्या, जीपीएस द्या, चांगलं चिलखती जाकीट द्या, जखमेवर लगेच बांधायचा पट्टा द्या. एक लाख माणसांना हे सगळं देणं जमेल, दोन लाखांना कधीच जमलं नसतं.

---

केतकी_प

+१. शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं.

---

मांडवीकर

बेटाचं रक्षण समुद्रात होतं. भूदलाचे पैसे सरळ नौदलाला द्यावेत असं माझं मत.

श्रीलंकेच्या नौदलाची 'सयुराला' आणि 'सिंदुराला' ही गस्ती जहाजं आमच्या वास्कोच्या गोवा शिपयार्डनं बांधली. पहिलं २०१७ मध्ये ताफ्यात गेलं, दुसरं २०१८ मध्ये. प्रत्येक साधारण १०५ मीटर लांबीचं. अंमली पदार्थांच्या बोटी पकडणं, वादळात सापडलेल्या मच्छीमारांना शोधणं, आगी लागलेल्या जहाजांना मदत करणं, ही कामं रोजची आहेत. युद्धाच्या शेवटीसुद्धा निर्णायक घाव समुद्रात बसला. २००७ मध्ये नौदलानं खोल समुद्रात जाऊन वाघांची शस्त्रं वाहणारी जहाजं बुडवली, तेव्हा त्यांचा दारूगोळाच आटला. त्यानंतर जमिनीवरचं युद्ध दीड-दोन वर्षांत संपलं.

---

सागरवेळ

मांडवीकर, दिशा बरोबर आहे. पण एक व्यावहारिक अडचण सांगतो. भूदलाच्या खर्चाचा फार मोठा भाग पगार, रेशन आणि कपडालत्ता यांवर जातो. माणूस कमी केला की पगार वाचतो, पण निवृत्तिवेतन आणि सेवेतून मुक्त करतानाची रक्कम लगेच द्यावी लागते. म्हणजे पहिली काही वर्षं हातात फारसं काही उरत नाही. 'वाचलेले पैसे' वाटायला निघालो तर ते अजून वाचलेलेच नसतात. म्हणून सुरुवातीची खरेदी स्वस्त आणि लगेच उपयोगी पडणारी असावी असा माझा आग्रह आहे. गस्ती जहाज त्यात बसत नाही. बिनतारी संच बसतो.

---

कोलंबोतून

मी कामानिमित्त काही वर्षं इथे आहे. संरक्षणातलं मला कळत नाही, पण नोव्हेंबर २०२५ चं डिटवा चक्रीवादळ मी इथे बसून पाहिलं. त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

२८ नोव्हेंबरला ते पूर्व किनाऱ्यावर आलं. सहाशेहून अधिक लोक गेले. त्यातले पुष्कळसे डोंगराळ भागात, कँडी, बदुल्ला, नुवारा एलिया या जिल्ह्यांत, दरडींखाली. चहाच्या मळ्यांतल्या लायनी, म्हणजे मजुरांच्या खोल्यांच्या रांगा, डोंगरउतारावर असतात. वरून माती सुटली की खाली काही उरत नाही. आपल्या माळीणला जे झालं तेच इथे कितीतरी ठिकाणी एका रात्रीत झालं. रस्ते तुटले, पूल वाहून गेले, रेल्वे बंद पडली. माणसं जिवंत आहेत की नाहीत हे कळायला दिवस गेले, कारण मोबाइलचे मनोरेही बंद होते.

लष्कराचे जवान सगळीकडे होते, हे मी खात्रीनं सांगते. हातानं चिखल उपसत होते. म्हाताऱ्या माणसांना पाठीवर घेऊन उतरवत होते. इथल्या लोकांना लष्कराबद्दल जी आपुलकी आहे ती का आहे, हे मला तेव्हा समजलं. पण त्यांच्या हातात फावडी होती! यंत्रं पोहोचायला रस्ता नव्हता आणि रस्ता करायला यंत्रं पुरेशी नव्हती. हवाई दलाचं एक बेल-२१२ हेलिकॉप्टर मदतकार्यातच लुनुविलाजवळ कोसळलं आणि वैमानिक गेला. ही हेलिकॉप्टरं किती जुनी आहेत ते इथले लोक उघड बोलत होते.

भारताची 'सागर बंधू' ही मदतमोहीम वादळ आलं त्याच दिवशी सुरू झाली. 'विक्रांत' आणि 'उदयगिरी' या आपल्या युद्धनौका कोलंबोच्या बंदरात नौदल संचलनासाठी आलेलीच होती, त्यांनी लगेच मदत उतरवली. आपल्या भूदलाचं फिरतं रुग्णालय महियंगणला उभं राहिलं. नंतर विमानातून बेली पुलांचे, म्हणजे तुकडे जोडून उभारायच्या लष्करी पुलांचे, सुटे भाग आले आणि आपल्या सॅपरनी, म्हणजे अभियंता दलाच्या जवानांनी, ते जोडून दिले. पूल उघडला की पलीकडच्या गावात डॉक्टर जातो, गॅस जातो, मुलं परीक्षेला जातात.

तर सागरवेळ यांच्या यादीत पूल आणि होड्या जोडीनं दुसऱ्या नंबरवर आहेत. मी त्या पहिल्या लिहीन.

---

जंगी_पलटण

ताई, वाचून गलबलून आलं.

याला लागून एक तारीख सांगतो. 'मित्र शक्ती' हा भारत-श्रीलंका संयुक्त सराव २०२५ मध्ये बेळगावला झाला, १० ते २३ नोव्हेंबर. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे तेच बेळगाव. सरावाचा विषय दहशतवादविरोधी कारवाई: छापे, शोधमोहीम, हेलिकॉप्टरमधून उतरणं. सराव संपल्यावर पाचव्या दिवशी वादळ धडकलं.

भारतात त्याआधीचा, २०२३ चा, सराव पुण्यात औंधला झाला होता, १६ ते २९ नोव्हेंबर. आपल्या बाजूनं १२० जण, मुख्यतः मराठा लाइट इन्फंट्रीचे, आणि त्यांच्याकडून ५३ व्या डिव्हिजनचे जवान. त्यात ड्रोन आणि ड्रोनविरोधी यंत्रणा होत्या, हे चांगलंच. पण दरडीखालून माणूस काढायचा सराव कुठे आहे?

---

देवळाली_तोफखाना

कोलंबोतून लिहिणाऱ्या ताईंच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर ठेवून एक शंका. आपत्ती निवारण हे सैन्याचं मुख्य काम मानायचं का? त्यासाठी वेगळं दल काढता येतं. आपल्याकडे एनडीआरएफ आहेच. सैन्याला फावडं द्यायची सवय लावली की रायफल गंजते. २००९ नंतर तिथे हेच झालं, बांधकाम आणि शेती करण्यात सैन्य गुंतलं.

---

सागरवेळ

शंका रास्त आहे. मी फरक असा करतो. हॉटेल चालवणं, भाजी विकणं हे सैन्याचं काम नाही आणि ते आधी बंद व्हावं. पण पूल बांधणं, सुरुंग काढणं, नदी ओलांडणं, तुटलेल्या रस्त्यावरून रसद नेणं ही युद्धातलीच कामं आहेत. बेली पूल जन्मला तोच दुसऱ्या महायुद्धात. अभियंता दलाला दिलेला रुपया शांततेत आणि युद्धात दोन्हीकडे चालतो. रणगाड्याला दिलेला तसा चालत नाही.

वेगळ्या दलाबद्दल: सव्वादोन कोटींचा कर्जबाजारी देश दोन यंत्रणा पोसू शकत नाही. २००४ च्या त्सुनामीत तिथे तीस हजारांहून अधिक माणसं गेली. २०१६ मध्ये अरनायकाला दरड कोसळली. २०१७ मध्ये पुन्हा पूर. दर वेळी सैन्यालाच जावं लागलं आणि पुढेही जावं लागणार आहे. मग त्या तयारीनं का जाऊ नये?

आणि दारूगोळ्याची कोठारं. हा मुद्दा कोणी उचलला नाही म्हणून परत लिहितो. ५ जून २०१६ ला कोलंबोच्या पूर्वेला कोसगामाजवळच्या सालावा तळावर दारूगोळ्याच्या कोठाराला आग लागली. रात्रभर गोळे फुटत होते, आजूबाजूच्या गावांतल्या हजारो लोकांना घरं सोडून पळावं लागलं, घरांचं अतोनात नुकसान झालं. युद्ध संपून सात वर्षं झाली होती. लाखांच्या सैन्यासाठी जमवलेला, आता जुना होत चाललेला साठा भरवस्तीजवळ पडून होता. सैन्य निम्मं होतंय तर साठाही निम्मा व्हायला हवा. जुना गोळा निकामी करायला तज्ज्ञ लागतात, यंत्रं लागतात, निर्जन जागा लागते. मोठी चित्तवेधक खरेदी नाही ही, संचलनात दाखवता येत नाही. पण शेजारच्या शाळेतल्या पोरांना विचारा.

---

केतकी_प

सगळी चर्चा साहित्यावर चालली आहे, पण साहित्य कोण देणार हा प्रश्न मागे राहतोय.

युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत तमिळ नागरिकांचे जे हाल झाले, त्याचा हिशेब अजून झालेला नाही. बेपत्ता माणसांच्या आया उत्तरेत वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडेला फोटो घेऊन बसल्या आहेत. हा मानवी प्रश्न आहेच, पण त्याचा सैन्याच्या आधुनिकीकरणाशी थेट संबंध आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये शवेंद्र सिल्वा यांना भूदलप्रमुख नेमलं. त्यांच्यावर त्या काळातल्या गंभीर आरोपांची छाया होती. संयुक्त राष्ट्रांनी आपल्या शांतिसेनेत श्रीलंकेच्या भूदलाच्या नव्या तुकड्या घेणं अत्यावश्यक गरज सोडून थांबवलं, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेनं सिल्वांना प्रवेशबंदी केली. शांतिसेनेतून देशाला परकीय चलन मिळतं, जवानांना चांगला भत्ता मिळतो, साहित्याचा खर्च भरून निघतो. एका नेमणुकीनं हे सगळं अडचणीत आलं.

दुसरं, सैन्याचा मोठा भाग आजही उत्तर आणि पूर्वेत आहे. जाफन्याजवळच्या वलिकामम उत्तरमधल्या, लष्करानं घेतलेल्या जमिनी टप्प्याटप्प्यानं परत दिल्या गेल्या, पण अजून सगळ्या नाहीत. संख्या कमी करताना आधी कुठले तळ बंद करणार? तिथल्या शेतकऱ्याला त्याचं शेत परत मिळालं तर त्या भागात फौज ठेवायची गरजच कमी होईल. कुठल्याही ड्रोनपेक्षा जास्त सुरक्षा त्यातून मिळेल असं मला मनापासून वाटतं.

---

जंगी_पलटण

केतकीताई, सैनिकाच्या घरातला माणूस म्हणून सांगतो, तुमचं म्हणणं कडू असलं तरी खरं आहे. बेशिस्त फौजेला चांगलं हत्यार दिलं तर बेशिस्तच वाढते.

शांतिसेनेचा विषय काढलात म्हणून एक जोड. आफ्रिकेतल्या मालीमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत २०१८ पासून श्रीलंकेची रसदीच्या ताफ्यांना संरक्षण देणारी तुकडी होती. जानेवारी २०१९ मध्ये रस्त्यावरच्या स्फोटात त्यांचे दोन जवान गेले. ते लोक वापरत होते त्या 'युनिबफेल' गाड्या त्यांनी स्वतः बनवल्या आहेत. १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेकडून 'बफेल' घेतल्या, खालचा भाग नावेसारखा निमुळता, म्हणजे सुरुंगाचा धक्का बाजूला फेकला जातो. पुढे त्यांच्या विद्युत आणि यांत्रिक अभियंत्यांच्या दलानं त्यावरून 'युनिकॉर्न' आणि मग 'युनिबफेल' तयार केल्या. गरिबीत, युद्ध चालू असताना, स्वतःच्या कार्यशाळेत! मला या गोष्टीचं फार कौतुक आहे. खरेदीच्या यादीत या कार्यशाळेला जागा हवी.

---

मांडवीकर

हे माहीत नव्हतं. मग रणगाडे मोडीत काढा आणि त्यांचे मेकॅनिक या गाड्यांवर लावा.

---

देवळाली_तोफखाना

सगळे मोडीत नकोत. टी-५५ छत्तीस टनांचा आहे, साधा आहे, त्यांच्या कारागिरांना तोंडपाठ आहे. थोडे चालू ठेवून चिलखती दलाची विद्या जिवंत ठेवता येईल. बाकीचे सुट्या भागांसाठी वापरावेत. एवढ्यावर मी तडजोड करायला तयार आहे.

---

सागरवेळ

मंजूर. नवीन रणगाडा नाही, जुने थोडे राहतील.

ड्रोनबद्दलही थोडं. त्यांच्या तोफखान्यात ड्रोनची वेगळी रेजिमेंट उभी झालेली आहे, म्हणजे देवळालीकरांच्या भाऊबंदांनीच हे काम हातात घेतलंय. कोरोनाच्या काळात टाळेबंदीवर नजर ठेवायला ती वापरली. उष्णता टिपणारा कॅमेरा असलेलं मध्यम ड्रोन दरडीखाली अडकलेल्या गावावर रात्री फिरवता येतं आणि जंगलातल्या तस्करावरही. हेलिकॉप्टर आणि वैमानिकाचा जीव दोन्ही धोक्यात न घालता पहिली खबर मिळते. यावर आत्ता खर्च करायला हरकत नाही.

---

कोलंबोतून

माणसांचं काय? ज्या एक लाख जणांना घरी पाठवायचं आहे त्यांचं?

अनुराधपुर, कुरुनेगल, पोलोन्नरुव या भागांतल्या खेड्यांत घरटी एक माणूस लष्करात असतो. भाताची शेती आणि लष्कराचा पगार, यावरच गावं चालतात. सोडून जाणाऱ्यांत पळून गेलेलेही खूप आहेत, त्यांच्यासाठी सरकार अधूनमधून माफीची मुदत जाहीर करतं. त्यांतले काही गुन्हेगारी टोळ्यांना जाऊन मिळतात, कारण त्यांना हत्याराशिवाय दुसरं काही शिकवलेलंच नाही. २०२४ मध्ये तर निवृत्त जवानांना चांगल्या नोकरीचं आमिष दाखवून रशिया-युक्रेन युद्धात नेल्याचं उघड झालं. कित्येक जण तिकडे मेले. सरकारला मॉस्कोला शिष्टमंडळ पाठवावं लागलं. आमच्या कार्यालयातल्या सुरक्षारक्षकाचा मेहुणा असाच गेला. त्याची बायको रोज फोनची वाट बघत असते.

आधुनिकीकरणाच्या यादीत या माणसाला नवं कसब शिकवायचा खर्च कोणी धरलाय का?

---

सागरवेळ

ताई, तुमचा प्रश्न यादीच्या बाहेरचा नाही. हे जोडून टाकू: अभियंता दल वाढवायचं ते याच माणसांमधून. पायदळातला तिशीतला जवान उत्खनक यंत्र चालवायला शिकला, वेल्डिंग शिकला, पूल जोडायला शिकला, तर नोकरी संपल्यावर त्याला कोणीही कामावर ठेवेल. सुरुंग काढायचं कामही आहे. श्रीलंका डिसेंबर २०१७ मध्ये सुरुंगबंदी करारात सामील झाली, २०२८ पर्यंत जमीन सुरुंगमुक्त करायची मुदत आहे. लष्कराची सुरुंग काढणारी तुकडी अनुभवी आहे, आणि हे काम उत्तरेतल्या शेतकऱ्याला त्याची जमीन परत देतं. केतकीताईंचा मुद्दा आणि तुमचा मुद्दा इथे एकत्र येतात.

स्वयंसेवक दलाचाही विचार करता येईल. त्यांच्याकडे भूदलाला जोडून ते आधीपासून आहे. पूर्ण वेळ पगार न देता वर्षातून ठरावीक दिवस सराव आणि संकटात बोलावणं, असं केलं तर गावात प्रशिक्षित माणूस राहतो आणि तिजोरीवर भार कमी पडतो.

---

पुणे_सॅपर

उशिरा आलो. पूर्ण धागा वाचला.

मी दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या परिसरात वाढलो, घरात सगळे अभियंता दलातले. म्हणून पुलांबद्दल नेमकं सांगतो. बेली पूल स्वस्त, सुटे भाग माणसांनी उचलण्याजोगे, क्रेनशिवाय जोडता येतात. कँडीच्या बाजूच्या अरुंद घाटरस्त्यांवर तेच योग्य. आमच्या दिघीच्या संशोधन संस्थेनं बनवलेला 'सर्वत्र' पूल वेगळ्या जातीचा आहे. ट्रकवरून उलगडतो, पंधरा मीटरचा एक तुकडा, पाच जोडले की पंचाहत्तर मीटर. काम भराभर होतं. पण तो रणगाडे नेण्यासाठी आहे, ट्रक अवजड, डोंगरातल्या वळणावर येणारच नाही. श्रीलंकेनं तो मागू नये आणि आपणही कौतुकानं तो पुढे करू नये.

खरी गरज साठ्याची आहे. बेली पुलांचे संच कँडी, बदुल्ला, रत्नपुरा अशा ठिकाणी आधीच नेऊन ठेवले पाहिजेत. वादळानंतर विमानानं आणण्यात मोलाचे दिवस जातात. भागांना गंज लागू नये म्हणून शेड हवी, दर सहा महिन्यांनी तपासणी हवी, आणि गावातला तो जुना जवान, जो तो जोडू शकेल.

---

सागरवेळ

हे सोनं आहे. एक विचारतो, एप्रिल २०२५ मध्ये कोलंबोत दोन्ही देशांत संरक्षण सहकार्याचा करार झालाय. त्याच्या आधारानं दापोडीला श्रीलंकेच्या सॅपरसाठी जागा वाढवता येतील का?

---

पुणे_सॅपर

मित्रदेशांचे अधिकारी तिथे पूर्वीपासून शिकायला येतात, त्यामुळे वाट तयार आहे. माझ्या मते अधिकाऱ्यांपेक्षा हवालदार आणि नायक या दर्जाची माणसं जास्त यावीत. पूल तेच जोडतात. भाषेचा प्रश्न येईल, सिंहली आणि तमिळमध्ये सांगणारे प्रशिक्षक लागतील. तमिळसाठी आमच्या मद्रास सॅपरमधली माणसं आहेतच, सिंहलीसाठी त्यांचेच दोन-तीन अनुभवी लोक आधी तयार करावे लागतील.

---

जंगी_पलटण

आणि पुढच्या 'मित्र शक्ती'त एक आठवडा दरडीचा आणि पुलाचा ठेवावा. त्यांच्याकडे झाला तर मदुरु ओयाच्या प्रशिक्षण केंद्रात, २०२४ चा तिथेच झाला होता. मदुरु ओयाजवळ नदी आहे, डोंगर आहे, आणि डिटवानंतर आपलं रुग्णालय उभं राहिलं ते महियंगण तिथून फार लांब नाही. सरावात बांधलेला पूल सराव संपल्यावर काढू नये, गावाला तसाच द्यावा.

---

कोलंबोतून

महियंगणच्या पुढच्या एका गावात अजून लोक दोरी धरून ओढा ओलांडतात. जागा मी दाखवते.